खाशाबा जाधव: कुस्ती रक्तातच होती, मग लंडनमध्ये पदक का हुकलं?

खाशाबांचे वडील दादासाहेब पैलवान होते. कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेलं हे पोर मातीतच घडलं. पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्ती मॅटवर होती आणि नियमही वेगळे. तरी ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी कसून सराव केला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. १९५२ मध्ये कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये खाशाबांचं अपघाती निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. अंगात गुण होताच. पण पदकासाठी सराव लागला आणि कुणाचं तरी घरही गहाण पडलं.