धनंजयराव गाडगीळ आणि दारिद्र्याची मोजणी

वाचकहो, दिल्लीस आपणांपैकी अनेकांचे जाणे-येणे असेल. काहींचे तर तेथेच, वा गुडगाव-गाझियाबादच्या बाजूस, वास्तव्य असेल. तेथील संसद मार्गावर एक भारदस्त सरकारी इमारत आहे. आज तिच्यावर नीती आयोगाची पाटी आहे. पूर्वी ती योजना भवन या नावाने ओळखली जात असे. या देशात गरीब कोणास म्हणावे, असे लोक किती आहेत आणि सरकारी तिजोरीतून कोणाच्या वाट्यास किती यावे, या प्रश्नांची उत्तरे कित्येक वर्षे याच वास्तूत ठरत होती. १९६७ ते १९७१ या काळात तेथे नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी पुण्याचे एक प्राध्यापक बसले होते. प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे त्यांचे नाव. केंद्रीय मंत्री व पुढे पंजाबचे राज्यपाल झालेले काकासाहेब गाडगीळ ते निराळे. दोघांची गल्लत करणारे चांगले सुशिक्षित लोक आढळतात, म्हणून हे आरंभीच सांगितलेले बरे.

धनंजयरावांचा जन्म नाशिकचा, १० एप्रिल १९०१ चा. शालेय शिक्षण नागपुरास झाले आणि पुढे ते केंब्रिजला गेले. भारताच्या अलीकडील औद्योगिक वाटचालीवर त्यांनी तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासला. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ काढून ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३० साली रावबहादुर काळे यांनी भारत सेवक समाजास दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिचे पहिले संचालक म्हणून गाडगिळांना बोलावणे आले. त्या वेळी ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. पुढील छत्तीस वर्षे ते त्या पदावर राहिले.

आता त्या काळची स्थिती ध्यानात घ्या. भारत दरिद्री आहे, हे दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच आकडे मांडून दाखविले होते. दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये, हा त्यांचा हिशेब. परंतु तो सरासरीचा हिशेब होता. सरासरीत संस्थानिकही येतो आणि त्याच्या दारातला झाडूवालाही येतो. कोणत्या घरात किती येते, किती जाते, कोण कर्जात बुडाले आहे आणि कोण केवळ उपाशी आहे, हे सरासरी सांगत नाही. शुभवर्तमानाच्या भाषांतराचे काम करणाऱ्यांना ही अडचण परिचयाची आहे. जुन्या कराराच्या इब्री भाषेत गरिबासाठी एकच शब्द नाही. पिडलेला, क्षीण झालेला, गरजवंत असे निरनिराळे अर्थ दाखविणारे निरनिराळे शब्द आहेत, आणि मराठीत सर्वांसाठी ‘गरीब’ लिहून मोकळे झाले की भेद बुजून जातो. अर्थशास्त्रातही नेमके तेच घडत होते.

घरोघर जाऊन हा भेद शोधण्याची वाट इंग्लंडमध्ये काही जणांनी घातली होती. सीबोम राउंट्री या क्वेकर पंथीय गृहस्थांनी १८९९ साली यॉर्क शहरातील कामकरी कुटुंबांची पाहणी केली आणि शरीर जेमतेम धडधाकट ठेवण्यास किती पैसे लागतात याची एक रेषा आखली. त्यांच्याच पद्धतीने डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी बेडफर्डशायरमधील एक खेडे मोजले. हेच मॅन पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची तशीच पाहणी केली. तिचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. एकशे तीन कुटुंबांपैकी केवळ आठ कुटुंबे आपल्या जमिनीवर नीट जगू शकत होती. अठ्ठावीस कुटुंबे बाहेरची मजुरी जोडून कसाबसा मेळ घालीत होती आणि उरलेली सदुसष्ट कशानेही सावरत नव्हती. आज पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींतून राहणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचा संभव कमीच.

गाडगिळांनी हे काम एका माणसाच्या हौसेतून काढून संस्थेच्या शिस्तीत आणले. १९३६ च्या सुमारास त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी सुरू झाली. निवडलेल्या कुटुंबांच्या दारांत प्रश्नावली घेऊन कार्यकर्ते गेले. कुटुंबातील कमावते किती, धंदा कोणता, मिळकत किती, हे सारे नोंदले गेले. वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाचीही अशीच तपासणी झाली. पुण्याच्या पाहणीचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली छापून निघाला. मध्ये एक महायुद्ध येऊन गेले होते.

युद्धाने जगभर एक गोष्ट बदलली. १९४२ च्या डिसेंबरात, बाँबहल्ल्यांनी पोळलेल्या लंडनमध्ये, सर विल्यम बेव्हरिज यांनी सामाजिक विम्याचा अहवाल सरकारला दिला. आजारी, बेकार, वृद्ध आणि विधवा यांना किमान किती रक्कम द्यावी हे ठरविताना त्यांनी राउंट्रींचाही सल्ला घेतला होता. मोजणीच्या वहीतला आकडा प्रथमच राष्ट्राच्या धोरणाचा पाया होत होता. आपल्याकडे मात्र १९४३ साली बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. धान्य, कापड, रॉकेल सारे महागले. गाडगिळांचे लक्ष त्या वर्षांत किमती, मजुरी व रेशन यांवर खिळले होते, कारण भाव वाढले की प्रथम कोण मरते हे त्यांना वह्यांवरून कळत होते.

म्हणूनच १९४७ साली भारत सरकारने नेमलेल्या वस्तू-किंमत मंडळात गोरवाला यांच्याबरोबर त्यांना घेण्यात आले, तेव्हा त्यांचे मत स्पष्ट होते. टंचाई असेतोवर नियंत्रणे काढू नयेत, असा या मंडळाचा सल्ला होता. सरकारने तो मानला नाही. नियंत्रणे उठवावीत हा गांधीजींचा आग्रह होता आणि त्यामागची तळमळ खरी होती, कारण नियंत्रणांच्या आडून काळाबाजार फोफावला होता. १९४७ च्या डिसेंबरापासून नियंत्रणे सैल झाली. भाव भराभर चढले आणि वर्ष उलटण्यापूर्वीच कापड व धान्य यांवरील नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. मधल्या महिन्यांचा भार कोणी वाहिला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

१९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष प्रा. महालनोबिस, सभासद डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव आणि धनंजयराव. स्वतंत्र भारताने आपली मिळकत प्रथम येथे मोजली. १९४८-४९ सालचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे अडीचशे रुपये निघाले. अनेकांना हा आकडा महत्त्वाचा वाटला. गाडगिळांच्या दृष्टीने मात्र ती पुन्हा एक सरासरीच होती.

त्यानंतरच्या ग्रामीण पतपाहणीत त्यांचा स्वभाव अधिक दिसतो. रिझर्व्ह बँकेने ती १९५१ साली हाती घेतली. पंचाहत्तर जिल्हे, सहाशे गावे आणि सव्वा लाखावर कुटुंबे. पाहणीला दिशा देणाऱ्या समितीत गोरवालांबरोबर गाडगीळ होते. १९५४ साली अहवाल बाहेर आला तेव्हा सहकाराचे गोडवे गाणारे चपापले. शेतकरी जे कर्ज घेत होता त्यातले शंभरात जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे होते आणि सुमारे सत्तर रुपये सावकाराचे. शिवाय पतपेढी तारणाला जमीन मागे. ज्याला जमीन नाही, त्याला दारच नाही. गरिबी म्हणजे पैशाचा अभाव एवढेच नव्हे, तर ज्या दारांतून पैसा मिळतो ती दारे बंद असणे, ही गोष्ट या पाहणीने आकड्यांत मांडली. अहवालाचे फलित म्हणून १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. खुद्द गाडगीळ तेव्हा नगर जिल्ह्यात लोणीच्या शेतकऱ्यांबरोबर होते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद या पुणेरी पंडिताकडे होते. उसाला गाळप लागले की भाव किती द्यावा, याचा हिशेब कोरडवाहू गावच्या माणसांसमोर मांडणे हे त्यांना दिल्लीतील समित्यांपेक्षा कमी मोलाचे वाटत नसावे.

आता १९६२ सालाकडे यावे. कारण आपल्या विषयाचे मर्म तेथे आहे. त्या वर्षी नियोजन आयोगाने नामवंतांचा एक गट जमविला. किमान जीवनमान म्हणून किती खर्च धरावा, हे त्याने सांगावयाचे होते. गटात गाडगीळ होते, डॉ. राव होते, अशोक मेहता, मिनू मसानी आणि सर्वोदयी कार्यकर्ते अण्णासाहेब सहस्रबुद्धेही होते. इतक्या भिन्न मतांची माणसे एका आकड्यावर आली : १९६०-६१ च्या भावांनी दरमहा दरडोई वीस रुपये, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबास शंभर. दादाभाईंनी वर्षाचे म्हणून सांगितलेले वीस रुपये येथे महिन्याचे किमान ठरले. मध्ये रुपयाची किंमत किती घसरली ते विसरू नका, म्हणजे या योगायोगाने फसगत होणार नाही.

या आकड्यास एक अट होती. आरोग्य व शिक्षण यांवरील खर्च वीस रुपयांत धरलेला नव्हता. राज्यघटनेला अनुसरून तो सरकारने उचलावयाचा होता. याशिवाय आयोगाच्या आराखड्यात आणखी एक कबुली होती. विकासाचा लाभ तळाच्या वीस टक्के लोकांपर्यंत आपोआप पोहोचणार नाही, त्यांच्यासाठी वेगळी तजवीज लागेल. पुढल्याच वर्षी लोकसभेत डॉ. लोहिया यांनी सत्तावीस कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात असे सांगून पंतप्रधान नेहरूंशी जो वाद केला, तो वाचकांतील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. आयोगाचे वीस रुपये म्हणजे दिवसाचे सुमारे पावणेअकरा आणे होत.

पुढे काय झाले? आकडा राहिला आणि अट हरवली. नंतरच्या दारिद्र्यरेषा उष्मांकांवर आखल्या गेल्या. शाळा आणि दवाखाना सरकार पाहील हे गृहीत धरले गेले, पण ते दोन्ही पुरेसे मिळतात की नाही हे कोणी त्या रेषेत तपासले नाही. मुलाच्या आजारपणात शेळी विकणारे कुटुंब रेषेच्या वर राहिले. २००९ साली प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने हा खाजगी खर्च रेषेत धरला. मधली सत्तेचाळीस वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला, हे माझ्या मते आपल्या नियोजनाचे मोठे अपयश आहे. आणि अट घालणाऱ्यांपेक्षा ती वाचून पान उलटणाऱ्यांकडे त्याचा दोष अधिक जातो.

१९६७ च्या सप्टेंबरात गाडगीळ आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आजवर नियोजनाचे परखड टीकाकार असलेल्या माणसाच्या हाती नियोजनच आले. काळ कठीण होता. दोन वर्षे अवर्षणाची गेलेली, पंचवार्षिक योजना स्थगित आणि अनेक राज्यांत विरोधी पक्षांची सरकारे. केंद्राची मदत कोणत्या राज्यास किती, हे तोपर्यंत बरेचसे दिल्लीच्या मर्जीवर चाले. गाडगिळांनी त्यास नियम दिला. आसाम, जम्मू-काश्मीर व नागालँड यांचा वाटा आधी बाजूला काढावा. उरलेल्या रकमेपैकी साठ टक्के लोकसंख्येनुसार, दहा टक्के देशाच्या सरासरीहून दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना आणि प्रत्येकी दहा टक्के करवसुलीतील प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांसाठी. १९६९ साली मुख्यमंत्र्यांनी तो मान्य केला आणि ‘गाडगीळ सूत्र’ हे नाव रूढ झाले. पुढे त्यात फेरफार होत गेले, पण चार दशकांहून अधिक काळ ते टिकले.

गरिबीसाठी दहाच टक्के, हे वाचून आपण थबकाल. मीही थबकलो. बिहारसारख्या राज्यांना याहून पुष्कळ अधिक मिळावयास हवे होते, असेच मला वाटते. परंतु सर्व मुख्यमंत्री ज्यावर सही करतील असा नियम हवा होता. लहरीवर अवलंबून असलेला मोठा वाटा की नियमाने हक्काचा लहान वाटा, यांत त्यांनी दुसरा निवडला.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांचा ताळेबंद मांडला. देशातील शंभर खेड्यांत एकातही व्यापारी बँक नव्हती. जिल्हा हा घटक धरून प्रत्येक बँकेला आपापला मुलूख नेमून द्यावा, ही त्यांची सूचना. तीतून अग्रणी बँक योजना आली आणि ती आजही चालू आहे.

१९७१ च्या जानेवारीत त्यांच्याच गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे चाळीस व शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोकांना पुरेसे अन्नही मिळत नव्हते, असे त्यात दाखविले होते. संस्था सोडून पाच वर्षे झाली होती, तरी तिने लावलेली सवय तिच्यात जिवंत होती. मार्चमध्ये निवडणुका झाल्या. गरिबी हटविण्याच्या घोषणेवर त्या जिंकल्या गेल्या. त्यानंतर नियोजन आयोगाची पुनर्रचना झाली आणि गाडगिळांनी पद सोडले.

मे महिन्याच्या आरंभी ते दिल्लीहून पुण्याकडे निघाले. प्रवासात, आगगाडीतच, त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. दिनांक ३ मे १९७१. वय सत्तर.