लढाया हरून संस्था उभारणारा माणूस

कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि टेक्सास या अमेरिकी राज्यांतील स्पॅनिश भाषक वस्त्यांमध्ये ना-नफा संस्थांचे एक मोठे जाळे आहे. बँकेने परत पाठविलेल्या छोट्या दुकानदाराला कर्ज देणे, भाड्याने पिचलेल्या कुटुंबाला परवडणारे घर मिळवून देणे ही या संस्थांची नित्याची कामे. त्यांच्यातील अनेक संस्था ज्या शिखर संघटनेशी जोडलेल्या आहेत, ती तीन मेक्सिकन-अमेरिकी माणसांच्या प्रयत्नांतून १९६८ मध्ये उभी राहिली. हर्मन गॅलेगोस, ज्युलियन समोरा आणि अर्नेस्टो गलार्झा ही त्यांची नावे. यांतील वयाने ज्येष्ठ गलार्झा यांचे आयुष्य विलक्षण आहे. शेतमजुरांसाठी त्यांनी जे संप केले, त्यांतील बहुतेक फसले. तरीही अमेरिकेतील मेक्सिकन समाजाचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

गलार्झा यांचा जन्म १९०५ मध्ये मेक्सिकोतील नायारित प्रांतात, डोंगरात वसलेल्या हालकोकोतान या खेड्यात झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच आईवडिलांचा घटस्फोट झाला होता. आई शिवणकाम करून घर चालवी आणि तिचे भाऊ तिला हातभार लावत. १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि या कुटुंबाने गाव सोडले. तेपिक, मासात्लान असे मुक्काम करीत, जेथे मामांना काम मिळेल तेथे काही काळ राहत, ही मंडळी अखेर सीमा ओलांडून कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथे पोहोचली.

तेथील ‘बॅरिओ’ म्हणजे निरनिराळ्या देशांतून आलेल्या कष्टकऱ्यांची गजबजलेली वस्ती. मेक्सिकन, चिनी, जपानी, पोर्तुगीज, भारतीय अशी कुटुंबे जुन्या घरांतील भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. शाळेत इंग्रजी शिकलेला लहानगा अर्नेस्टो लवकरच मोठ्या माणसांचा दुभाषा बनला. घरमालक काय म्हणतो, कागदावर काय लिहिले आहे, हे सांगण्यासाठी त्याला बोलावणे येई. इंग्रजी येत नाही म्हणून धडधाकट माणूस कसा लाचार होतो, हे त्याने त्या वयात पाहिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ आली. त्या साथीत आई आणि एक मामा दगावले. उरलेल्या मामासोबत हा मुलगा पुन्हा बॅरिओतील भाड्याच्या खोलीत राहू लागला.

शिक्षण सुटले नाही. सुटीत मात्र शेतावर राबावे लागे. एका हंगामात मजुरांच्या तळावर दूषित पाण्यामुळे आजार पसरला आणि एक मूल दगावले. इंग्रजी येणारा म्हणून मजुरांनी अर्नेस्टोलाच गाऱ्हाणे घेऊन सॅक्रामेंटोला पाठविले. तेथील सरकारी अधिकाऱ्याने तपासणीचे आश्वासन दिले आणि जाता जाता एक सल्लाही दिला. मजूर संघटित झाले नाहीत, तर काहीही बदलणार नाही, असा त्या सल्ल्याचा आशय होता. गलार्झा यांनी ‘बॅरिओ बॉय’ या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदविला आहे. पुढील साऱ्या आयुष्याची दिशा त्यातून दिसते.

शिष्यवृत्तीच्या बळावर ते लॉस एंजलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात गेले. तेथून १९२९ मध्ये स्टॅनफर्डची एम. ए. आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. मजुरांच्या तळावरून आलेल्या मेक्सिकन तरुणासाठी त्या काळी ही अपूर्व गोष्ट होती. १९३६ पासून ते वॉशिंग्टनमध्ये पॅन अमेरिकन युनियन या आंतरराष्ट्रीय संस्थेत अधिकारी होते. कामगार व सामाजिक माहितीचा विभाग त्यांच्याकडे होता. प्रतिष्ठा होती, स्थैर्य होते. परंतु लॅटिन अमेरिकेतील कामगारांबाबत अमेरिकेचे वर्तन त्यांना पटेना. १९४७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि शेतमजुरांच्या राष्ट्रीय संघटनेचे संघटक म्हणून ते कॅलिफोर्नियात परतले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्विन येथील डिजॉर्जिओ कंपनीच्या अवाढव्य फळबागांत संप सुरू झाला. तो सुमारे अडीच वर्षे चालला आणि फसला. मजुरांच्या दैन्यावर संघटनेने काढलेल्या माहितीपटाविरुद्ध कंपनीने बदनामीचा दावा लावला आणि संघटनेला तो माहितीपट मागे घ्यावा लागला. काँग्रेसच्या उपसमितीचा म्हणून एक अहवाल संघटनेविरुद्ध वापरण्यात आला. त्यावर रिचर्ड निक्सन यांचीही स्वाक्षरी होती. गलार्झा यांनी अनेक वर्षे कागदपत्रे उकरून काढली आणि तो उपसमितीचा अधिकृत अहवालच नव्हता, हे १९७० मध्ये एका पुस्तकातून सप्रमाण मांडले. तोवर संघटना मोडली होती.

संप का फसतात, याचे उत्तर शोधताना त्यांची नजर ‘ब्रासेरो’ योजनेवर गेली. १९४२ मध्ये युद्धकाळातील मजूरटंचाईच्या कारणाने अमेरिका व मेक्सिको यांच्यात झालेल्या करारातून ही योजना आली होती. मेक्सिकन मजूर ठरावीक मुदतीसाठी आणायचे आणि मुदत संपली की परत पाठवायचे. बावीस वर्षांत अशी सुमारे ४६ लाख कंत्राटे झाली. स्थानिक मजुरांनी संप केला की बागाईतदार ब्रासेरोंना कामावर उतरवीत. ब्रासेरोने तोंड उघडले की त्याची परतपाठवणी होई. दोघेही नाडले जात.

गलार्झा तळांवर फिरले, मजुरांच्या बराकींत गेले, वेतनाच्या चिठ्ठ्या त्यांनी गोळा केल्या. कोंदट निवारे, निकृष्ट जेवण आणि जेवणाखाणाच्या नावाखाली मजुरीतून होणारी कपात यांचा लेखाजोखा त्यांनी १९५६ मध्ये ‘स्ट्रेंजर्स इन अवर फील्ड्स’ या पुस्तिकेत मांडला. बागाईतदार खवळले, पण कागदपत्रांचा पुरावा खोडणे सोपे नव्हते. १७ सप्टेंबर १९६३ रोजी चुआलार गावाजवळ ब्रासेरोंना घेऊन जाणाऱ्या वाहनाला रेल्वेची धडक बसून ३२ मजूर ठार झाले. मालवाहू ट्रकवर बाके ठोकून ते वाहन तयार केले होते. या अपघाताची चौकशी काँग्रेसच्या समितीच्या वतीने गलार्झा यांनी केली. १९६४ च्या अखेरीस ब्रासेरो योजना बंद झाली. हा त्यांच्या आयुष्यातील मोठा विजय होय. तो संपाने नव्हे, तर अभ्यासाने मिळाला होता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात द्राक्षबागांतील मजुरांचा प्रसिद्ध लढा सुरू झाला. त्याची वाट या योजनेच्या अंताने मोकळी केली होती.

या काळात मेक्सिकन समाज शेताकडून शहराकडे सरकत होता. यंत्रे आली, मजुरी घटली, कुटुंबे लॉस एंजलिस, सॅन अँटोनिओ, फीनिक्सच्या वस्त्यांत स्थिरावली. तेथील प्रश्न निराळे होते. ठरावीक वस्त्यांत घरकर्ज द्यायचेच नाही, असा बँकांचा शिरस्ता होता. छोट्या व्यावसायिकाकडे लेखी हिशेब नसे, तारण नसे, इंग्रजीही बेताचेच असे. फोर्ड फाउंडेशनने या समाजाची पाहणी करण्याचे काम गलार्झा, समोरा आणि गॅलेगोस यांच्याकडे सोपविले. समाजाकडे धडाडी आहे, पण टिकाऊ संस्था नाहीत, या जाणिवेतून १९६८ मध्ये ‘साउथवेस्ट कौन्सिल ऑफ ला रासा’ स्थापन झाली. फोर्डचा पैसा, मोटार कामगारांची संघटना आणि चर्चची परिषद यांचे पाठबळ तिला लाभले. ठिकठिकाणच्या स्थानिक संघटनांना पैसा व मार्गदर्शन पुरविणे हे तिचे काम होते.

वर्षभरातच ठिणगी पडली. या पैशातून सॅन अँटोनिओतील जहाल तरुणांच्या संघटनेला मदत गेल्यावरून तेथील काँग्रेस सदस्य हेन्री बी. गोन्झालेझ यांनी टीकेची झोड उठविली. विशेष म्हणजे गोन्झालेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे होते. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खासगी प्रतिष्ठानांच्या राजकीय स्वरूपाच्या देणग्यांवर बंधने आणली. त्यानंतर कौन्सिलचा भर मतदार नोंदणी व आंदोलनांकडून घरबांधणी आणि आर्थिक विकासाकडे वळला. १९७२ मध्ये ती ‘नॅशनल कौन्सिल ऑफ ला रासा’ झाली आणि नंतर तिचे मुख्यालय वॉशिंग्टनला गेले.

हे वळण समाजाच्या हिताचे होते की धार बोथट करणारे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ज्याचा पैसा, त्याचा शब्द, हे टीकाकारांचे म्हणणे निराधार नव्हते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घराचा हप्ता नियमित भरणारे कुटुंब आणि स्वतःच्या दुकानात उभा राहणारा माणूस मुकादमापुढे सहजी वाकत नाही. संप फसला की संघटना विखुरते, हे गलार्झा यांनी आर्विनमध्ये पाहिले होते. बांधलेली इमारत आणि फिरते भांडवल मात्र मागे राहते.

त्याच सुमारास इतर शहरांतही अशा संस्था आकाराला आल्या. पूर्व लॉस एंजलिसमध्ये मोटार कामगारांच्या संघटनेच्या पाठिंब्याने १९६८ मध्ये ‘तेलाकू’ उभी राहिली. तिने बंद पडलेल्या टायर कारखान्याच्या जागेवर औद्योगिक वसाहत वसविली. फीनिक्समध्ये १९६९ मध्ये ‘चिकानोस पोर ला कौसा’ स्थापन झाली. घरबांधणीपासून छोट्या व्यवसायांच्या कर्जापर्यंत तिचा पसारा वाढला. ओकलंडमध्ये १९६४ पासून काम करणाऱ्या ‘युनिटी कौन्सिल’ने फ्रुटवेल रेल्वे स्थानकालगत बहुमजली वाहनतळ बांधण्याच्या बेताला विरोध केला. त्याऐवजी घरे, दवाखाना, ग्रंथालय आणि दुकाने असलेली वस्ती तेथे २००४ मध्ये उभी राहिली. या संस्था गलार्झा यांनी काढलेल्या नव्हेत. त्यांना एकत्र आणणारा धागा विणण्यात मात्र त्यांचा हात होता.

गलार्झा स्वतः मुख्यालयात रमले नाहीत. सॅन होजे येथे राहून ते शाळा आणि वस्त्यांसाठी झटले. खाडीकाठचे अल्विसो हे गरीब मेक्सिकन गाव १९६८ मध्ये सॅन होजे शहरात विलीन झाले. विलीनीकरणानंतर आपली घरे आणि गाव टिकणार का, या विवंचनेत तेथील रहिवासी होते. गलार्झा त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांची कैफियत त्यांनी शब्दबद्ध केली. मुलांना मातृभाषेतून वाचायला मिळावे म्हणून त्यांनी ‘मिनी लिब्रोस’ ही स्पॅनिश बालपुस्तकांची मालिका लिहिली. साहित्याच्या नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविण्यात आले होते. २२ जून १९८४ रोजी सॅन होजे येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात कौन्सिल वाढत गेली. १९९९ मध्ये तिच्या पुढाकाराने ‘रासा डेव्हलपमेंट फंड’ ही कर्जपुरवठा करणारी संस्था सुरू झाली. परवडणारी घरे, शाळा आणि दवाखाने उभारणाऱ्या स्थानिक संस्थांना ती भांडवल पुरविते. २०१७ मध्ये कौन्सिलने ‘युनिडोस यू. एस.’ हे नाव घेतले. सुमारे तीनशे स्थानिक संस्था तिच्याशी संलग्न आहेत. यांपैकी अनेकांच्या कार्यालयांत घर घेणाऱ्याला हप्ता, व्याज, विमा यांचा हिशेब त्याच्या भाषेत समजावून सांगितला जातो. छोट्या व्यावसायिकाला कर्जाबरोबर वही लिहिण्याचे धडे मिळतात.

सॅक्रामेंटोच्या बॅरिओत शंभर वर्षांपूर्वी हेच काम एक शाळकरी मुलगा करीत असे. घरमालकाचा कागद वाचून तो शेजाऱ्यांना त्याचा अर्थ सांगे. आज ते काम करायला पगारी माणसे आणि कायम उघडी असणारी कार्यालये आहेत. गलार्झा यांच्या हरलेल्या लढायांचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू विसरून चालणार नाही.