टिळकांचे नगर

विद्यार्थिमित्रहो, सुट्टी जवळ आली म्हणजे वसतिगृहातील मुलांचे चित्त अभ्यासात रमत नाही. घरचा उंबरा, शेजारची माणसे, रविवारच्या उपासनेची ओळखीची घंटा, ही सारी मनाला हाक मारू लागतात. आपण ज्या गावी जन्मलो ते आपले गाव, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ती खरीही असते. परंतु कित्येक थोर स्त्रीपुरुषांचे गाव जन्माने ठरलेले नसते. आपल्या विश्रामबागेशेजारच्या वानलेसवाडीला ज्यांचे नाव मिळाले, ते डॉ. विल्यम वानलेस कॅनडात जन्मले, परंतु 1894 साली मिरजेस रुग्णालय उघडून ते मिरजेचेच झाले. अशाच एका पुरुषाचे चरित्र आज तुम्हांस सांगावयाचे आहे. त्यांना घर होते, ते त्यांनी गमावले. पुढे परक्या शहरात दुसरे घर लाभले, तेही सोडून ते निघाले. आणि अखेर त्याच शहरी परत आले. ते पुरुष म्हणजे कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात करजगाव येथे झाला. बालपण कल्याणास गेले. आई जानकीबाई ह्यांच्यावर त्यांचा फार जीव. ती त्यांच्या लहानपणीच वारली आणि वडिलांचा स्वभाव कडक. तेव्हा घरात मन रमेना. घर सोडून ते नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ संस्कृत शिकले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना पत्नी म्हणून मिळाली. ह्याच पुढे महाराष्ट्रास परिचित झालेल्या लक्ष्मीबाई. लग्नानंतरही टिळकांचे पाऊल एका गावी ठरले नाही. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे ग्रंथांच्या कामावर, असे करीत ते नागपूर आणि राजनांदगाव येथपर्यंत गेले. आपल्या देशाचे भले कोणत्या मार्गाने होईल, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात घोळत असे.

1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्या वाचनातून जी उलथापालथ झाली तिचा शेवट 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्म्यात झाला. टिळक ख्रिस्ती झाले आणि त्याच दिवशी ते बेघरही झाले. आप्तांनी संबंध तोडला. पत्नी व लहान दत्तू दुरावले. लक्ष्मीबाईंच्या दुःखास तर पारावार राहिला नाही. पती जिवंत असून घर मोडले, अशी त्या काळातील स्त्रीला असह्य वाटणारी अवस्था त्यांच्या वाट्यास आली. बाप्तिस्म्याची ही किंमत दोघांनी दिली, आणि लक्ष्मीबाईंनी तर ती स्वतःच्या इच्छेवाचून दिली, हे आपण विसरता कामा नये.

अशा स्थितीत टिळक अहमदनगरास आले. ह्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 साली सुरू झाले आणि 1833 मध्ये तेथे पहिली मंडळी स्थापन झाली. डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांच्या देखरेखीखालील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक शिकवू लागले. घर गमावलेल्या माणसाला मंडळीने आपल्यात घेतले. टिळकांनीही ते ऋण उत्तम रीतीने फेडले. त्या वेळी आपल्या उपासनेत परभाषेतून उतरविलेली व परक्या चालीवर बसविलेली गीते फार असत. मराठी शेतकऱ्याच्या जिभेवर ती सहज बसत नसत. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीवर वाढलेल्या ह्या कवीने अभंग, ओवी आणि भजन ह्यांना ख्रिस्तमंदिरात मानाने आणून बसविले. ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी रूढ केले. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आली. आज आपण उपासनेत टाळांच्या साथीने गातो, त्यामागे नगरात बसून लिहिणाऱ्या ह्या माणसाचे श्रम आहेत.

परंतु पत्नी जवळ नसता घर कसले? काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरास आल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती होण्याच्या विचाराने आल्या नव्हत्या. आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक त्या निराळा ठेवीत. टिळकांचा स्वभाव मुळात तापट. पण ह्या एका बाबतीत त्यांनी विलक्षण धीर धरला. माझ्या घरी यावयाचे तर माझा धर्म घेऊन ये, अशी अट त्यांनी घातली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद हळूहळू त्यांच्याच विचाराने गळून पडला आणि 1900 साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसावर स्वतःच्या माणसांनी दार लावले होते, त्याने आपले दार मात्र कोणत्याही अटीवाचून उघडे ठेवले. टिळकांच्या सर्व चरित्रात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

त्या दारातून पुढे पुष्कळ जण आत आले. निराधार मुले आली, विद्यार्थी आले, कवी आले. 1907 साली जळगावास कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाचे काव्य ऐकून सारे थक्क झाले. हेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांना नगरास आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलासारखे वागविले. बालकवी हिंदू होते आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या घरातील त्यांची जागा त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा ह्या घरानेही एक मूल गमावले.

1904 साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही काळ राहुरीस राहून त्यांनी खेड्यापाड्यांत काम केले. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. फुलांवर आणि मुलांवर लिहिलेल्या कवितांनी त्यांची कीर्ती ख्रिस्ती समाजाबाहेरही पसरली. मान होता, स्थैर्य होते, आपले म्हणावे असे गाव होते. सामान्य मनुष्याने येथे समाधान मानले असते.

टिळकांचे समाधान झाले नाही. ज्या प्रभूला त्यांनी आपला गुरू मानले, त्याच्याकडे ओढ असलेली पुष्कळ माणसे मंडळीच्या भिंतीबाहेर उभी आहेत, हे त्यांना दिसत होते. मंडळीचे दार त्यांच्या घराच्या दाराइतके रुंद नाही, हे शल्य त्यांना बोचत असे. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी व तिचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी तेथे बंधुभावाने एकत्र यावे, हा त्यांचा हेतू होता. सातारा आपणांस परका नाही. माहुलीस वेण्णेला भेटून जी कृष्णा पुढे निघते, तीच आपल्या सांगलीच्या घाटाशी येते. तिच्या काठच्या ह्या प्रांतात कवीने आपल्या आयुष्याचा अखेरचा मोठा उद्योग मांडला. कित्येकांना तो पटला नाही. परंतु टिळकांनी नगरच्या मंडळीशी नाते तोडले नाही, आणि ‘ज्ञानोदया’ची लेखणीही मरेपर्यंत खाली ठेवली नाही.

दरबाराला दोन वर्षे होतात न होतात तोच त्यांची प्रकृती ढासळली. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. ख्रिस्ती समाजात दफनाची रीत असताही आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. आपण ख्रिस्ती झालो म्हणून भारतीय असावयाचे थांबलो नाही, हे त्यांनी मृत्यूनंतरही दाखवून दिले. आणि त्यांची रक्षा कोठे नेली? करजगाव, कल्याण, सातारा, मुंबई, ह्यांपैकी कोणत्याही गावी नव्हे. ती नगरास नेली आणि तेथील ख्रिस्ती दफनभूमीत ठेवली. तेथेच त्यांची समाधी आहे. बाप्तिस्म्यानंतर निराश्रित होऊन ज्या शहरात ते शिरले होते, त्या शहराने त्यांस ह्या वेळी आपला पुत्र म्हणून परत घेतले.

त्यांच्या मागे लक्ष्मीबाई 17 वर्षे जगल्या. पतीने अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या ह्या बाईंनी पुढे लिहिले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून आपला सारा संसार मराठी वाङ्मयात अमर केला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या निवर्तल्या.

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना शिक्षणासाठी वा पोटासाठी आपले गाव सोडावे लागेल. त्यात वाईट वाटून घेऊ नका. टिळकांनीही आपले लाडके नगर कर्तव्यासाठी सोडलेच होते. जेथे जाल तेथे कोणा परक्यासाठी दार उघडे ठेवा, म्हणजे तेही गाव तुमचे होईल. आणि पालकहो, आपली मुले दूर जातील, क्वचित आपल्याहून निराळ्या विचारांची होऊन परत येतील. त्या दिवशी उंबऱ्यावर अटी मांडून बसू नये, इतकीच विनंती. लक्ष्मीबाई आपली निराळी चूल घेऊन नगरास आल्या, तेव्हा टिळकांनी ती चूल मांडावयास जागा दिली. त्यांचे मोडलेले घर पुन्हा उभे राहिले, ते तेथूनच.