बॅटरी गेली नाही, चार्जिंग गेलंय! फॅरेडेची गोष्ट

सकाळी कॉलेजला निघायची घाई. किल्ली फिरवली की गाडी नुसती टकटक करते. शेजारच्या गाडीच्या बॅटरीला वायर लावली की सुरू होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग घरात एकच सूर लागतो, बॅटरी गेली, नवी टाका. बाबा पैसे मोजतात, नवी बॅटरी येते आणि चार दिवसांत तीही बसते! कारण बॅटरी म्हणजे नुसती टाकी. टाकी भरणारा पंप वेगळाच असतो. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे तो पंप. या पंपामागचं तत्त्व ज्याने शोधलं, तो कॉलेजची पायरीही चढला नव्हता. त्याचं नाव मायकल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहारकाम करायचे, पण तब्येत कायम ढासळलेली. शाळा झाली ती लिहिण्या-वाचण्यापुरती. तेराव्या वर्षी पोरगा एका पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच बाइंडिंग शिकू लागला. सात वर्षांचा करार होता. बाइंडिंगला आलेली पुस्तकं तो शिवायचा आणि वाचायचाही. विश्वकोशातल्या विजेवरच्या लेखाने त्याला वेड लावलं. मिळतील त्या पैशांत सामान आणून तो छोटे प्रयोग करू लागला.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा स्टार शास्त्रज्ञ. फॅरेडेने व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, आकृत्या घातल्या, स्वतःच्या हाताने बांधून त्यांचं जाडजूड पुस्तक केलं आणि थेट डेव्हीला पाठवलं. मार्च १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत मदतनीसाची नोकरी मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग आणि माळ्यावर राहायला दोन खोल्या. त्याच वर्षी डेव्हीबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, पण नोकराची कामंही त्यालाच करावी लागली. डेव्हीच्या पत्नीने तर त्याला नोकरासारखंच वागवलं. तरी त्याने दौरा पूर्ण केला. या दौऱ्यात तो बॅटरीचा जनक व्होल्टा यालाही भेटला.

१८२० मध्ये ऑर्स्टेडने दाखवलं, की विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? १८२२ मध्ये फॅरेडेने हा प्रश्न वहीत टिपून ठेवला. पुढची नऊ वर्षं तो अधूनमधून त्याच्याशी झुंजत राहिला आणि दर वेळी हरला. तारेजवळ चुंबक ठेवायचा, मीटरची सुई बघायची. सुई ढिम्म!

२९ ऑगस्ट १८३१. लोखंडी कड्यावर त्याने तारेची दोन वेटोळी गुंडाळली. पहिलं बॅटरीला जोडलं आणि दुसऱ्यातली सुई झटक्यात हलली, पण लगेच शून्यावर आली. बॅटरी काढली तशी ती पुन्हा हलली, उलट्या दिशेने. गोम इथेच होती. चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, त्यात बदल व्हावा लागतो, हालचाल व्हावी लागते. ऑक्टोबरमध्ये त्याने वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला, वीज आली. मग चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि सलग वीज मिळाली. जगातला पहिला जनरेटर तो हाच.

आता गाडीकडे या. अल्टरनेटरमध्ये चुंबक फिरतो आणि भोवतीच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. बेल्ट तुटला किंवा घसरला, की चुंबक नीट फिरत नाही. फॅरेडेची नऊ वर्षांची अडचण तुमच्या बॉनेटखाली! यात आणखी एक खुबी आहे. हा चुंबकही विजेवरच तयार होतो आणि ती वीज त्याला कार्बनमधून मिळते. कार्बन झिजले तर बेल्ट फिरतो, पण चार्जिंग होत नाही.

म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. चढलाच नाही तर आधी बेल्ट बघा, मग टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, मग फ्यूज आणि वायर, शेवटी कार्बन आणि रेग्युलेटर. एका वेळी एकच गोष्ट तपासा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायचा जुना जुगाड मात्र नको, त्यात इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.

पुढे १८३३-३४ मध्ये फॅरेडेने विजेने होणाऱ्या रासायनिक बदलाचे नियम मांडले. जितकी वीज जाईल, तितकाच बदल होतो. म्हणून पूर्ण बसलेली बॅटरी मोंढ्यापर्यंत एक चक्कर मारून भरत नाही, तिला तास द्यावे लागतात.

फॅरेडेचं गणित कच्चं होतं. त्याच्या कल्पना समीकरणांत बसवल्या मॅक्सवेलने. फॅरेडेने 'सर' ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. मुलांसाठी नाताळातली व्याख्यानमाला मात्र त्याने १९ वेळा दिली. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला.

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळईसाठी पोलाद करणाऱ्या इंडक्शन भट्ट्याही त्याच्याच तत्त्वावर चालतात. तेव्हा पुढच्या वेळी गाडी टकटक करू लागली, तर बाबांना दुकानात पाठवण्याआधी बॉनेट उघडा आणि बेल्टकडे एकदा बघा.