हॉजकिन यांच्या बरण्या

मानेत न दुखणारी गाठ, वाढलेली पाणथरी (प्लीहा), रेंगाळणारा ताप, घटते वजन. अशा काही रुग्णांच्या केसपेपरवर आजही ज्यांचे नाव लिहिले जाते, ते डॉ. थॉमस हॉजकिन १७९८ साली लंडनमध्ये एका क्वेकर कुटुंबात जन्मले. एडिंबरोत १८२३ मध्ये पदवी घेतली, पॅरिसला जाऊन लायनेक यांच्याकडून स्टेथोस्कोप शिकले. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये मात्र त्यांच्याकडे आले ते शवविच्छेदन आणि संग्रहालयाचे काम.

त्या काळी गाठी दिसल्या की गंडमाळा म्हणून मोकळे होत. १८३२ मध्ये हॉजकिन यांनी सात रुग्णांची हकीकत मांडली. त्यातल्या एकाचे तर त्यांनी केवळ चित्र पाहिले होते. या गाठी क्षयाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या दाहाच्या मागून आलेल्या नाहीत, आजार मुळात ग्रंथींचाच आहे आणि पाणथरीही त्यात सापडते, असे त्यांचे म्हणणे. फारसे कुणी लक्ष दिले नाही. आजाराला त्यांचे नाव मिळाले ते १८६५ मध्ये, सॅम्युअल विल्क्स यांच्यामुळे.

हे सारे निदान नुसत्या डोळ्यांचे होते. गंमत अशी की, १८२७ मध्ये लिस्टर यांच्या सोबतीने रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे हॉजकिनच! १९२६ साली संग्रहालयातील बरण्यांमधल्या तीन रुग्णांच्या ऊती तपासल्या गेल्या. दोघांना तोच आजार निघाला, तिसऱ्याला वेगळ्या जातीचा लिम्फोमा. बाहेरून मात्र तिन्ही सारखेच. आपल्याकडे क्षय इतका आहे की गाठ दिसली की संशय आधी त्याचाच येतो, आणि ते चूकही नाही. पण तुकडा न तपासता गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ वाढतच राहिली, तर लिम्फोमाच्या रुग्णाचे मोलाचे महिने जातात. वेगाने पसरणारा प्रकार असेल तर तेवढा अवधीही मिळत नाही. आजार पाणथरीपुरताच असेल तर निदान आणखी अवघड, कारण तिथे सुई घालताना रक्तस्रावाची धास्ती असते. कधी पाणथरी काढूनच तपासावी लागते.

हॉजकिन यांना १८३७ मध्ये बढती नाकारली गेली. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांशी हडसन्स बे कंपनी कशी वागते यावर त्यांनी टीका केली होती आणि हॉस्पिटलचे खजिनदार त्या कंपनीशी संबंधित होते. हॉजकिन यांनी गाइज सोडले. पुढची वर्षे मुख्यतः अशा लोकांच्या हक्कांसाठी गेली. १८६६ मध्ये मित्र मोझेस मॉन्टेफिओरे यांच्यासोबत पॅलेस्टाइनला गेले असताना हगवणीने जाफा येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांना तिथेच पुरले.