जाक मोनो : जनुकाचा बंधारा शोधणारा शास्त्रज्ञ

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेवरचे बंधारे तुम्ही पाहिलेच असतील. बरगे टाकले की पाणी अडतं, काढले की वाहतं. आपल्या पेशीतही असेच बरगे असतात बरं का! ते ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे जाक मोनो.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील चित्रकार होते. मोनो स्वतः चेलो छान वाजवत. १९४० च्या सुमारास त्यांनी ई. कोलाय जीवाणूंना ग्लुकोज आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, एकत्र दिली. जीवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं. मग वाढ थोडा वेळ थांबली आणि त्यानंतर लॅक्टोज खाणं सुरू झालं. मध्येच थांबले का? कारण लॅक्टोज फोडणारं विकर अजून पुरेसं तयार झालं नव्हतं.

तेव्हा फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता. मोनो भूमिगत चळवळीत उतरले. पकडले जाण्याची, जीव जाण्याची भीती कायम होती, तरी त्यांनी संशोधन सोडलं नाही. युद्धानंतर ते पाश्चर संस्थेत काम करू लागले.

लॅक्टोज जनुकाला कामाला लावते, असं आधी वाटायचं. पण काही बिघडलेले जीवाणू लॅक्टोज नसतानाही विकर बनवत. आर्थर पार्डी, फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी अशा जीवाणूंत चांगलं जनुक पोहोचवलं, तर थोड्या वेळाने विकर बनणं थांबलं! म्हणजे चांगलं जनुक अडवणारा पदार्थ तयार करत होतं. त्यालाच दमनकारी किंवा रिप्रेसर म्हणतात. तो डीएनएवर बसून जनुकाची नक्कल होऊ देत नाही. लॅक्टोज आली की तिच्यापासून बनलेला रेणू त्याला चिकटतो, त्याचा आकार बदलतो आणि तो डीएनएवरून सुटतो. बरगा निघाला!

१९६५ मध्ये मोनो, जाकोब आणि आंद्रे ल्वॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा रिप्रेसर प्रथिन आहे, हे १९६६ मध्ये सिद्ध झालं. ३१ मे १९७६ रोजी मोनो यांचं निधन झालं.

आता तुम्ही म्हणाल, जीवाणूंचं आपल्याला काय? आपल्या पेशीत आरबी नावाचं प्रथिन ई-टू-एफ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. आरबी नादुरुस्त झालं की पेशी अवेळी विभागत सुटते आणि लहान मुलांच्या डोळ्यात कर्करोगसुद्धा होऊ शकतो. म्हणून लक्षात ठेवा मित्रांनो, पेशीला जनुक चालू करणं जितकं गरजेचं, तितकंच वेळेवर थांबवणंही.