तांबड्या विमानाचा स्वार

युरोप-अमेरिकेतील जुन्या लढाऊ विमानांच्या मेळाव्यांत एकावर एक तीन पंखांचे तांबडेभडक विमान घरघरत आले की प्रेक्षकांच्या माना आपसूक वर जातात. हे विमान मात्र अस्सल नसते. हौशी मंडळींनी अलीकडे बांधलेली ती प्रतिकृती असते. जर्मनीत १९१७-१८ मध्ये बनलेल्या ३२० ‘फोकर डीआर-१’ विमानांपैकी आज एकही अखंड उरलेले नाही.

या विमानाला ज्याने अमर केले, तो मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन २ मे १८९२ रोजी ब्रेस्लाव (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे सरदार घराण्यात जन्मला. शिकारीचा नाद लहानपणापासूनचा. पहिल्या महायुद्धात तो घोडदळात होता; पण खंदकांच्या लढाईत घोड्यांना काम उरले नाही, तेव्हा १९१५ मध्ये त्याने विमानदलाची वाट धरली. ओस्वाल्ड बोल्के या निष्णात वैमानिकाने त्याला आपल्या तुकडीत घेतले. १७ सप्टेंबर १९१६ रोजी पहिला विजय नोंदला गेला आणि पुढील १९ महिन्यांत ही संख्या ८० वर गेली. गंमत अशी, की त्यांतले जेमतेम १९ विजय तीनपंखी विमानातले. बहुतेक कामगिरी दोनपंखी ‘अल्बाट्रोस’ची. कीर्ती मात्र फोकरच्या वाट्याला आली.

प्रत्येक विजयानिमित्त तो बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचा छोटा पेला घडवून घेई; साठेक पेल्यांनंतर देशात चांदीच मिळेना. पाडलेल्या विमानांचे क्रमांक कापून आणून त्याने श्वाइडनित्स येथील घराच्या भिंती सजवल्या होत्या. जुलै १९१७ मध्ये डोक्याला गोळी लागली, तरी जखम पुरती भरण्याआधीच तो पुन्हा उडू लागला.

२१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीकाठी शत्रूचा पाठलाग करताना एकाच गोळीने त्याचा अंत झाला. वय अवघे २५. श्रेय कॅनडाच्या रॉय ब्राऊनला मिळाले. आजचे बहुतेक अभ्यासक मात्र जमिनीवरील ऑस्ट्रेलियन तोफखान्याकडे किंवा मशीनगनकडे बोट दाखवतात. शत्रूने त्याला लष्करी इतमामाने मूठमाती दिली, पण विमानाची गत वेगळी झाली. बऱ्यापैकी शाबूत उतरलेले ते यंत्र सैनिकांनी आठवण म्हणून तुकडे-तुकडे करून नेले. शत्रूच्या विमानांचे कापड ज्याने भिंतीवर लावले, त्याच्याच विमानाचे कापड असे वाटले गेले! इंजिन आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे, आसन टोरोंटोत. बर्लिनच्या संग्रहालयातील दुसरे एक अस्सल फोकर दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाले. आईने १९३३ मध्ये श्वाइडनित्सच्या घराचे संग्रहालय केले होते. १९४५ मध्ये रशियन फौजा आल्यानंतर तेही विखुरले.

त्यामुळे आजच्या कारागिरांना पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि कापडी आवरण हे सारे जुनी छायाचित्रे व ब्रिटिशांनी पकडलेल्या एका विमानाचा तपासणी अहवाल पाहून नव्याने जुळवावे लागते. बहुतेकजण आधुनिक इंजिन बसवतात. मोजके हट्टी मात्र पंख्याबरोबर स्वतःही गरगर फिरणारे जुन्या धाटणीचे इंजिनच लावतात. ते चालले की वैमानिकाच्या अंगावर एरंडेल तेल उडते.